डोळ्यांना दिसत नव्हतं, तरी त्याने मैदानाला शेवटची फेरी मारली आणि अख्खं मेलबर्न रडलं

मेलबर्न क्रिकेट ग्राउंड, म्हणजेच एमसीजी म्हटलं की आपल्याला काय आठवतं? बॉक्सिंग डे टेस्ट. नाहीतर २३ ऑक्टोबर २०२२ ची ती टी-ट्वेंटी मॅच, पाकिस्तानविरुद्धची, ज्यात विराट कोहलीने हरलेला सामना ओढून आणला होता.

पण मेलबर्नच्या माणसाला हाच प्रश्न विचारला तर तो क्रिकेटचं नाव घेईलच असं नाही. त्याच्यासाठी ते मैदान आधी फूटीचं. फूटी म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल. आणि थोडा वयस्कर माणूस असेल तर तो १७ जून १९९५ चा दिवस सांगेल. त्या दिवशी मैदानात एक उघडी गाडी आली होती. गाडीत बासष्टीला टेकलेला, हाडांचा सापळा झालेला एक माणूस बसला होता. शेजारी त्याचा मुलगा. त्या माणसाची दृष्टी जवळपास गेली होती. ज्या लोकांना तो हात हलवत होता ते त्याला दिसत नव्हते, फक्त ऐकू येत होते. स्टेडियमच्या स्पीकरवर मराया कॅरीचं हीरो हे गाणं लागलं होतं आणि साठ हजारांहून जास्त लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्यातले निम्मे तरी रडत असावेत.

बरोबर दोन महिन्यांनी, १७ ऑगस्ट १९९५ ला, तो माणूस गेला.

त्याचं नाव टेड व्हिटन. पूर्ण नाव एडवर्ड जेम्स व्हिटन. मेलबर्नमध्ये त्याला ईजे म्हणायचे आणि अख्ख्या ऑस्ट्रेलियात मिस्टर फुटबॉल. आता यात गंमत अशी आहे की या मिस्टर फुटबॉलच्या टीमने त्याच्या वीस वर्षांच्या कारकिर्दीत किताब जिंकला तो फक्त एकदा. कोच म्हणून तर तो जिंकला त्यापेक्षा जास्त सामने हरला. मग एवढं प्रेम कशासाठी?

त्यासाठी आधी हा खेळ आणि त्याहून जास्त ती वस्ती समजून घ्यावी लागेल.

खेळाचं थोडक्यात सांगतो. हा आपल्याला माहीत असलेला फुटबॉल नाही आणि रग्बीही नाही. चेंडू लंबगोल, मैदानही लंबगोल, म्हणजे सरळ क्रिकेटचंच मैदान. एका बाजूला १८ खेळाडू. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांमधून लाथेने चेंडू गेला की गोल, त्याचे ६ पॉइंट. बाजूच्या खांबांमधून गेला तर १ पॉइंट. ऑफसाइड नावाचा प्रकारच नाही, त्यामुळे कोण कुठूनही धडकू शकतो. लाथेने आलेला चेंडू हवेत झेलला तर थांबून निवांत किक मारायची मुभा मिळते, म्हणून मग एकमेकांच्या खांद्यावर गुडघे रोवून लोक उड्या मारतात. हाताने चेंडू फेकायला मात्र परवानगी नाही. एका तळहातावर चेंडू धरायचा आणि दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसा मारून पुढे सरकवायचा. ही मूठ लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

या खेळाचे पहिले नियम १८५९ साली मेलबर्नमध्येच लिहिले गेले. त्याच्या आदल्या वर्षी टॉम विल्स नावाच्या क्रिकेटपटूने पत्र लिहून सुचवलं होतं की हिवाळ्यात क्रिकेटर आळशी होतात, तर त्यांच्यासाठी फुटबॉलचा क्लब काढा. म्हणजे हा खेळ क्रिकेटच्याच घरात जन्माला आला. पुढे त्याने घरमालकालाच बाजूला सारलं हा भाग वेगळा.

तर मुख्य लीगचं नाव होतं व्हीएफएल, व्हिक्टोरियन फुटबॉल लीग. तीच १९९० पासून एएफएल झाली. व्हिटनच्या काळात त्यात बारा क्लब होते. त्यातले अकरा एकट्या मेलबर्नचे आणि एक शेजारच्या जिलाँगचा. म्हणजे क्लब शहराचा नसायचा, उपनगराचा असायचा. खेळाडूंसाठी तर हद्दी ठरलेल्या होत्या. तुम्ही ज्या भागात राहता त्या भागाच्या क्लबचा तुमच्यावर हक्क. त्यामुळे शनिवारी मैदानात जो खेळतोय तो सोमवारी तुमच्याच ट्राममध्ये, तुमच्याच कारखान्यात दिसायचा. पैसे फारसे नव्हते, सगळ्यांना पोटासाठी दुसरी नोकरी करावीच लागायची.

या बारा क्लबांतला एक होता फुटस्क्रे. टोपणनाव बुलडॉग्स. रंग लाल, पांढरा आणि निळा.

फुटस्क्रे म्हणजे मॅरिबर्नाँग नदीच्या पलीकडचं मेलबर्न. पश्चिमेकडचा भाग. दगडाच्या खाणी, कत्तलखाने, कातडी कमावण्याचे उद्योग, दारूगोळ्याचे कारखाने, हे सगळं शहराने नदीपलीकडे ढकललेलं. वास, धूर आणि मजूर. नदीच्या अलीकडची मंडळी पश्चिमेकडच्यांना जरा कमीच लेखायची. क्लबही १९२५ साली, म्हणजे बऱ्याच उशिरा, मोठ्या लीगमध्ये घेतला गेला. त्यानंतरची पंचवीस वर्षं त्यांनी काहीच जिंकलं नव्हतं. फायनलसुद्धा गाठली नव्हती.

या भागात २७ जुलै १९३३ ला टेड व्हिटन जन्मला. वाढला ब्रेब्रुकमध्ये, म्हणजे फुटस्क्रेच्याही थोडं पुढे. मंदीचा काळ, मग महायुद्ध. अशा वस्तीतल्या पोराला खेळायला जे मिळतं तेच मिळालं, मोकळी मैदानं आणि वयाने मोठी पोरं.

१९५१ च्या हंगामात, सतराव्या वर्षी, तो फुटस्क्रेच्या सीनियर टीममध्ये आला. पहिलाच सामना रिचमंडविरुद्ध. पहिल्याच किकवर त्याने गोल केला. पोरगं हवेत गेलं असणार. पण समोर रिचमंडचा डॉन फ्रेझर होता, ज्याला सगळे मॉप्सी म्हणायचे आणि ज्याला सगळे घाबरायचे. थोड्याच वेळात त्याने या नव्या पोराला असं काही आडवं केलं की व्हिटन बेशुद्ध. पदार्पणातच गोल आणि पदार्पणातच स्ट्रेचरची पाळी. ही गोष्ट व्हिटन पुढे आयुष्यभर रंगवून सांगायचा म्हणतात आणि त्याच्यासारख्या गप्पिष्ट माणसाने ती दर वेळी थोडी वाढवली नसेल तरच नवल.

पुढच्या तीन वर्षांत तो टीमचा कणा झाला. उंची बेताची चांगली, खांदे रुंद, वेग होता आणि दोन्ही पायांनी लांब किक मारायचा. मुळात त्याची जागा सेंटर हाफ बॅक, म्हणजे बचावफळीचा मध्य. पण त्याला पुढे टाका, मधे टाका, कुठेही टाका, खेळायचाच. आज एकेका जागेसाठी वेगळे तज्ज्ञ असतात. तेव्हा कोचच्या डोक्यात एकच उपाय असायचा, अडचण आली की टेडला तिकडे पाठव.

आणि मग आलं १९५४.

फुटस्क्रेचा कॅप्टन आणि कोच होता चार्ली सटन. हो, कॅप्टनच कोच. त्या काळी ही पद्धत होती, एकाच माणसाने संघ निवडायचा, सराव घ्यायचा आणि शनिवारी स्वतः मैदानात उतरून मारही खायचा. सटनच्या टीमने त्या वर्षी पहिल्यांदाच ग्रँड फायनल गाठली. समोर मेलबर्न क्लब. नदीअलीकडचा, जुना, एमसीजी ज्याचं घरचं मैदान. त्यांच्या टीममध्ये अठरा वर्षांचा एक पोरगाही होता, रॉन बरासी. तो पुढे स्वतः दंतकथा झाला आणि व्हिटनचा आयुष्यभराचा दोस्त-कम-प्रतिस्पर्धीसुद्धा.

२५ सप्टेंबर १९५४. ऐंशी हजारांवर प्रेक्षक. फुटस्क्रेने पहिल्या क्वार्टरमध्येच सामन्याला गळ्याशी धरलं. जॅक कॉलिन्सने सात गोल मारले. एकवीस वर्षांचा व्हिटन मागे सेंटर हाफ बॅकला उभा होता. शेवटचा स्कोअर फुटस्क्रे १०२, मेलबर्न ५१. बरोबर दुप्पट.

त्या वर्षी क्लबचा सर्वोत्तम खेळाडूही व्हिटनच ठरला. पुढे हा मान त्याने अजून चार वेळा मिळवला. पण किताब? तो पुन्हा कधीच नाही.

१९५७ च्या हंगामात मध्येच क्लबने सटनला काढलं आणि कॅप्टन-कोच म्हणून व्हिटनला नेमलं. वय होतं २३. ज्याने घडवलं त्याचीच खुर्ची मिळाली. आज एखाद्या तेवीस वर्षांच्या पोराच्या हातात अख्खी टीम देऊन, कालपर्यंत सोबत बिअर पिणाऱ्यांना आता तूच टीमबाहेर काढ, असं सांगितलं तर काय होईल? तेच झालं. १९५९ ला फुटस्क्रे बारापैकी बारावं आलं.

पण या तळाला जाण्यातूनच व्हिटनने एक डाव काढला. मघाशी मूठ लक्षात ठेवायला सांगितली होती ती इथे येते. नियमाने चेंडू मुठीने मारायचा. मुठीने मारायला हात मागे न्यावा लागतो, तेवढ्यात समोरचा अंगावर येतो. व्हिटन आणि त्याच्या टीमने उघड्या तळहाताने किंवा बोटांनी चेंडू टोलवायचा पास वापरात आणला. याला फ्लिक पास म्हणायचे. दिसायला तो जवळपास फेकल्यासारखाच दिसायचा, पण होता चापट मारल्यासारखा, म्हणून नियमात बसायचा. चेंडू इतक्या पटकन एका हातातून दुसऱ्या हातात जायचा की विरोधकांना पकडायलाच कुणी सापडायचं नाही. पंचांची मात्र पंचाईत. हा पास की फेक, हे रोज ठरवायचं कसं? शेवटी १९६० च्या दशकात नियमच बदलला आणि फ्लिक पासवर बंदी आली. एखाद्याच्या युक्तीमुळे नियमपुस्तक बदलावं लागणं, ही खेळाडूसाठी ट्रॉफीपेक्षा कमी गोष्ट नाही असं आपल्याला तरी वाटतं.

या डावाच्या जोरावर १९६१ ला फुटस्क्रे पुन्हा ग्रँड फायनलला पोचलं. समोर हॉथॉर्न. त्यांचा कोच जॉन केनेडी, ज्याने आपल्या पोरांना लष्करासारखं पळवून पळवून तयार केलं होतं, इतकं की लोक त्यांना केनेडीचे कमांडो म्हणायचे. एक लाखाहून जास्त लोक बघायला आले. अर्ध्या वेळेला फुटस्क्रे पुढे होतं. उत्तरार्धात मात्र पाय बोलायला लागले. कमांडो पळत राहिले, बुलडॉग्स थांबले. ४३ पॉइंटनी हार. हॉथॉर्नचा तो पहिला किताब होता. पुढे त्यांनी किताबांची रांग लावली. फुटस्क्रे मात्र यानंतर कितीतरी वर्षं फायनल सोडा, प्लेऑफच्या फेरीतही दिसलं नाही. ते थेट १९७४ ला.

व्हिटनला याच काळात मोठ्या क्लबात जाता आलं असतं का, याची चर्चा तिकडे आजही होते. तो गेला नाही, एवढं खरं. तळाच्या टीमसोबत राहिला. १९६६ संपता संपता क्लबने त्याचं कोचपद काढून घेतलं आणि दिलं कुणाला? चार्ली सटनला. ज्याच्या जागी तो आला होता त्यालाच. आता इथे दुसरा कुणी असता तर तोंड फिरवून निघून गेला असता. व्हिटन सटनच्या हाताखाली परत खेळाडू म्हणून खेळला. दोन वर्षांनी, १९६९ ला, परत त्यालाच कोच केलं. संगीत खुर्ची चालावी तसं हे दोघांत चाललं होतं आणि तरी दोघेही शेवटपर्यंत फुटस्क्रेचेच राहिले.

१९७० उजाडलं तेव्हा व्हिटन ३६ वर्षांचा होता. गुडघे, पाठ, सगळंच कुरकुरत होतं. पण एक आकडा समोर होता. लीगमध्ये सर्वाधिक सामन्यांचा विक्रम एसेंडनच्या डिक रेनॉल्ड्सच्या नावावर होता, ३२० सामने. व्हिटन त्याच्या बरोबरीला येऊन थांबला होता. ठरलं की अजून एक सामना खेळायचा आणि थांबायचं.

२ मे १९७०. घरचं मैदान, वेस्टर्न ओव्हल. समोर परत तेच हॉथॉर्न. सामना शेवटपर्यंत हातघाईवर होता. शेवटच्या क्वार्टरआधी व्हिटनने आपल्या पोरांना गोळा करून जे भाषण ठोकलं ते कॅमेऱ्यात टिपलं गेलं. चिखलाने माखलेला, घसा फुटेपर्यंत ओरडणारा, या लोकांसाठी तरी जिंका म्हणून अक्षरशः विनवणारा माणूस त्यात दिसतो. ऑस्ट्रेलियात फूटीवर कुठलीही डॉक्युमेंटरी निघाली की हा तुकडा असतोच. फुटस्क्रेने सामना ३ पॉइंटनी जिंकला. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. ३२१ सामने, ३६० गोल, जर्सी नंबर ३. संपलं.

पुढच्या वर्षी कोचपदही सुटलं. पण व्हिटन घरी बसणाऱ्यातला नव्हता. रेडिओवर, टीव्हीवर तो बोलायला लागला आणि बोलण्यात तो खेळण्याइतकाच तयार होता. खोड्या काढायचा, शिव्या हासडायचा, कुणाच्याही गळ्यात हात टाकायचा. ऑस्ट्रेलियन लोकांना असा माणूस फार आवडतो, जो मोठा होऊनही आपल्या गल्लीतलाच वाटतो.

त्याची दुसरी इनिंग मात्र वेगळ्याच जर्सीत झाली. व्हिक्टोरिया राज्याच्या.

झालं असं की आंतरराज्य सामने तिथे फार जुने. पण पैसा व्हिक्टोरियात होता, त्यामुळे साउथ ऑस्ट्रेलिया आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचे चांगले खेळाडू मेलबर्नच्या क्लबांत यायचे आणि मग व्हिक्टोरियाकडूनच खेळायचे. म्हणजे तुमचेच खेळाडू तुम्हालाच हरवणार. १९७७ पासून नियम बदलला. खेळाडू मूळचा जिथला, त्या राज्याकडून खेळणार. याला स्टेट ऑफ ओरिजिन म्हणतात. पहिल्याच सामन्यात पर्थला वेस्टर्न ऑस्ट्रेलियाने व्हिक्टोरियाला ९४ पॉइंटनी धुतलं. इतकी वर्षं बाकीच्यांना हिणवणारं व्हिक्टोरिया अचानक जमिनीवर आलं.

व्हिक्टोरियाची निळी जर्सी, छातीवर मोठ्ठा पांढरा व्ही. व्हिटन स्वतः राज्याकडून २९ सामने खेळला होता. ऐंशीच्या दशकात निवड समितीचा प्रमुख म्हणून तो या जर्सीचा चेहराच बनला. मोठमोठे स्टार ड्रेसिंग रूममध्ये बसलेत, हातात लाखोंचे करार आहेत, आणि हा म्हातारा डोळे मोठे करून, मुठी आवळून त्यांना त्या व्ही अक्षराची किंमत सांगतोय, असं ते दृश्य असायचं. जिंकल्यावर तो टीव्ही कॅमेऱ्यासमोर विरोधी राज्याला काय काय म्हणायचा ते इथे न लिहिलेलंच बरं. पण लोकांना ते पाठ होतं. १९८९ ला एमसीजीवर व्हिक्टोरिया विरुद्ध साउथ ऑस्ट्रेलिया हा सामना झाला तेव्हा ९१,९६० लोक आले होते. आंतरराज्य सामन्याची ती विक्रमी गर्दी. यात व्हिटनचा वाटा किती हे मोजता येत नाही, पण त्याच्याशिवाय ती गर्दी झाली असती असं कुणी म्हणत नाही.

त्याच १९८९ मध्ये इकडे फुटस्क्रेवर मात्र मरणाची वेळ आली होती. कर्जाने क्लब वाकला होता. लीगने ठरवलं की फुटस्क्रेला फिट्झरॉय क्लबमध्ये विलीन करायचं. नवं नावही तयार, फिट्झरॉय बुलडॉग्स. म्हणजे व्हिटनचा क्लब संपला. पण पश्चिमेकडचे लोक रस्त्यावर उतरले. पीटर गॉर्डन नावाच्या वकिलाच्या पुढाकाराने कोर्टात लढाई झाली, दारोदार डबे फिरले, आणि काही आठवड्यांत सुमारे १५ लाख डॉलर उभे राहिले. कुणी पेन्शनमधून दिले, कुणी पगारातून. क्लब वाचला. ज्या टीमने पस्तीस वर्षांत काहीच जिंकलं नव्हतं तिच्यासाठी मजुरांच्या वस्तीने एवढे पैसे का द्यावेत, याचं उत्तर बॅलन्स शीटमध्ये सापडणार नाही.

आता पुन्हा त्या उघड्या गाडीकडे येऊ.

व्हिटनला प्रोस्टेटचा कॅन्सर झाला होता. प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाखाली असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. वय वाढलं की ती वाढते, लघवीचा त्रास सुरू होतो आणि बहुतेकदा तो त्रास साधाच असतो. कॅन्सर मात्र सुरुवातीला काहीच लक्षण देत नाही. तो हाडांपर्यंत पोचला की मग कळतं आणि तोवर डॉक्टरांच्या हातात फारसं उरत नाही. लवकर सापडला तर उपचार आहेत, पण त्यासाठी पुरुषाने डॉक्टरकडे जाऊन नको त्या जागेबद्दल बोलावं लागतं. तिथेच सगळं अडतं. आपल्याकडेही अडतं आणि तीस वर्षांपूर्वीच्या ऑस्ट्रेलियात तर फूटी खेळणाऱ्या रांगड्या माणसाने या विषयावर तोंड उघडणं जवळपास अशक्य होतं.

म्हणून जूनच्या त्या दिवशी एमसीजीवर जे झालं ते नुसतं निरोपाचं नव्हतं. ज्या माणसाला लोकांनी बुलडोझरसारखं पाहिलं होतं तो आपलं खंगलेलं शरीर घेऊन सगळ्यांसमोर आला होता. लपवलं नाही. आजार काय आहे हे सगळ्या देशाला माहीत होतं. गाडी हळूहळू बाउंड्रीच्या कडेने फिरली. कडव्या शत्रू क्लबांचे मफलर गळ्यात घातलेले लोकही उभे होते. त्या दिवशीचा सामना परत व्हिक्टोरिया विरुद्ध साउथ ऑस्ट्रेलिया असाच होता, पण त्याचा निकाल आज चाहत्यांना विचारला तर भल्याभल्यांना डोकं खाजवावं लागेल. गाडी मात्र सगळ्यांना आठवते.

ऑगस्टमध्ये तो गेल्यावर राज्य सरकारने त्याला शासकीय इतमामात निरोप दिला. सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रलमध्ये अंत्यविधी झाला. हा मान साधारण मंत्री-संत्री, मोठे पुढारी यांचा. इथे तो ब्रेब्रुकच्या एका फुटबॉलपटूला मिळाला होता. बाहेर हजारो लोक उभे होते, लाल-पांढरे-निळे मफलर घातलेले, आणि इतर रंगांचेही. म्हाताऱ्या कामगारांनी नातवंडांना सोबत आणलं होतं, ज्यांनी त्याला खेळताना कधी पाहिलंच नव्हतं.

त्यानंतर सगळं भराभर झालं. वेस्टर्न ओव्हल मैदानाला व्हिटन ओव्हल नाव मिळालं. बाहेर त्याचा पुतळा उभा राहिला. मॅरिबर्नाँग नदीवरच्या नव्या उंच पुलाला ईजे व्हिटन ब्रिज नाव दिलं गेलं. नदीने पश्चिमेला जे तोडलं होतं ते जोडणाऱ्या पुलाला त्याचं नाव, हा योगायोग असेल तर चांगलाच आहे. १९९६ ला लीगला शंभर वर्षं झाली तेव्हा शतकातला सर्वोत्तम संघ निवडला गेला. सेंटर हाफ बॅक, टेड व्हिटन. आणि त्या संघाचा कॅप्टनही तोच. बरासी, रेनॉल्ड्स असले दिग्गज त्या यादीत असताना. हॉल ऑफ फेम सुरू झालं तेव्हा पहिल्या बारा महानायकांतही त्याचं नाव होतं.

पण सगळ्यात टिकाऊ काम केलं ते त्याच्या मुलाने. गाडीत शेजारी बसलेला टेड व्हिटन ज्युनियर. तोही फुटस्क्रेकडून खेळलेला. बाप गेल्यावर त्याच वर्षी ईजे व्हिटन फाउंडेशन सुरू झालं, काम एकच, पुरुषांना प्रोस्टेट कॅन्सरबद्दल बोलतं करायचं, तपासणीला पाठवायचं, संशोधनाला पैसा उभा करायचा. त्यासाठी दर वर्षी निवृत्त खेळाडू, कलाकार, विनोदी नट यांची एक धमाल मॅच व्हायची, लेजंड्स गेम. सुटलेल्या पोटांचे माजी स्टार चिखलात आपटायचे, लोक हसायचे आणि ब्रेकमध्ये टीव्हीवर सांगितलं जायचं की पन्नाशी ओलांडली असेल, किंवा घरात वडील-भावाला हा आजार झाला असेल तर त्याआधीच, डॉक्टरशी बोला. पीएसए नावाची रक्ताची साधी तपासणी असते, ती तुमच्यासाठी गरजेची आहे का हे विचारा. व्हिटनच्या पिढीला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

क्लबचं काय झालं? १९९६ च्या शेवटी फुटस्क्रेने नाव बदललं, वेस्टर्न बुलडॉग्स. जुन्या लोकांना ते आजही पचलेलं नाही, ते फुटस्क्रेच म्हणतात. हरणं मात्र तसंच चालू राहिलं. १९९७, १९९८, २००८, २००९, २०१०, प्रत्येक वेळी ग्रँड फायनलच्या उंबरठ्यावर, म्हणजे उपांत्य फेरीत ठेच. १९५४ चे खेळाडू एकेक करून जात होते. चार्ली सटन २०१२ ला गेला.

मग १ ऑक्टोबर २०१६. एमसीजी, जवळपास एक लाख लोक, समोर सिडनी स्वान्स. बुलडॉग्स गुणतक्त्यात सातव्या नंबरवरून फायनलला आले होते. तोवर त्या पद्धतीत सातव्या नंबरवरून कुणी किताब जिंकलेला नव्हता. ते २२ पॉइंटनी जिंकले. ६२ वर्षांनी. कॅप्टन बॉब मर्फी दुखापतीमुळे त्या दिवशी खेळू शकला नव्हता, तर कोच ल्यूक बेव्हरिजने त्याला स्टेजवर बोलावलं आणि स्वतःच्या गळ्यातलं पदक काढून त्याच्या गळ्यात घातलं. मर्फीने नंतर ते क्लबच्या संग्रहालयासाठी परत केलं. दुसऱ्या दिवशी व्हिटन ओव्हलवर कप आणला तेव्हा मैदानात मुंगी शिरायला जागा नव्हती.

आता एक छोटी गोष्ट. हे मैदान वेस्ट फुटस्क्रेमध्ये बार्कली स्ट्रीटवर आहे. हाच बार्कली स्ट्रीट आज भारतीय हॉटेलं आणि किराणा दुकानांसाठी ओळखला जातो. कत्तलखाने, खाणी कधीच्या बंद झाल्या. पुढे टार्नीटपर्यंतच्या पश्चिम उपनगरांत आपली माणसं मोठ्या संख्येने राहायला गेली आहेत, त्यात मराठीही आहेतच. तुमचा कुणी भाऊ, मावसबहीण, शाळेतला मित्र तिकडे असेल तर त्याला विचारून बघा. विमानतळावरून रिंग रोडने घरी जाताना तो नक्कीच त्या उंच पुलावरून जात असणार, आणि पाटीवरचं नाव त्याने शंभर वेळा तरी वाचलं असणार.